वातीचा कापूस: स्वतः कॉइल बांधणाऱ्या व्हेपरांचे नेहमीचे प्रश्न

खालची माहिती ब्रिटनमधल्या कायद्याला आणि तिथल्या दुकानांत मिळणाऱ्या सामानाला धरून आहे. सिगारेट सोडून व्हेपवर, म्हणजे लिक्विडची वाफ देणाऱ्या ई-सिगारेटवर आलेले, आणि तयार कॉइल (लिक्विड तापवणारं तारेचं वेटोळं) फेकून फेकून वैतागल्यावर स्वतःच तार गुंडाळायला लागलेले जे मराठी लोक इथे आहेत, त्यांच्यासाठी ती लिहिली आहे. जे सिगारेट ओढतच नाहीत त्यांनी या फंदात पडायचं काही कारण नाही. एनएचएसचं, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचं म्हणणंही तेच: ओढणाऱ्याला सिगारेटपेक्षा व्हेप कमी घातक, न ओढणाऱ्याने हातही लावू नये.

वात नेमकं करते काय? तापते तर तार.

लिक्विड तारेपर्यंत ओढून आणते, हे सगळ्यांना दिसतं. तिचं दुसरं काम दिसत नाही आणि तेच जास्त मोलाचं आहे: ती तारेला काबूत ठेवते. लिक्विडमधलं प्रॉपिलीन ग्लायकॉल, म्हणजे पीजी, १८८ अंश सेल्सिअसला उकळतं. व्हेजिटेबल ग्लिसरीन, म्हणजे व्हीजी, २९० ला. तारेभोवती लिक्विड आहे तोवर सगळी उष्णता त्याची वाफ करण्यात खर्च होते आणि तापमान या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी अडकून राहतं. लिक्विड संपलं की तारेला आवरणारं कोणी उरत नाही. ती क्षणात वर जाते, आणि कापसातलं सेल्युलोज अडीचशे-तीनशेच्या पुढे करपायला लागतं.

म्हणजे तार ज्या वेगाने लिक्विड खाते त्या वेगाने वात ते आणून देते का, एवढाच हिशोब आहे. पुढचे बहुतेक प्रश्न फिरून याच हिशोबावर येतात.

मग वातीला सगळ्यात चांगलं काय?

कापूस. दहापैकी नऊ जणांना याहून जास्त खोलात जायची गरज नाही. आणि कुठल्या कंपनीचा कापूस, यापेक्षा तो किती आणि कसा भरला याने कितीतरी जास्त फरक पडतो. महागाचं पाकीट आणून ठासून भरलेल्या वातीपेक्षा औषधाच्या दुकानातला साधा कापूस नीट भरलेला बरा.

औषधाच्या दुकानातला कापूस खरंच चालतो?

चालतो, पण पाकिटावर १०० टक्के कापूस लिहिलंय का ते वाचा. मेकअप काढायचे रंगीत बोळे पुष्कळदा कापसाचे नसतातच, पॉलिएस्टरचे असतात. शंका आली तर चिमूटभर घेऊन चिमट्यात धरा आणि सिंकवर काडी लावा. कापूस भुर्रकन पेटतो, कागद जळल्याचा वास येतो आणि बोटाने चुरडली तर राखेची पूड होते. पॉलिएस्टर आधी आक्रसतं, वितळतं, काळा धूर सोडतं आणि मागे एक कडक मणी ठेवतं. तो मणी दिसला की अख्खं पाकीट मेकअपच्या डब्यात परत.

औषधी कापसाला पाणी शोषण्याची एक अट असते. ब्रिटिश फार्माकोपियाच्या चाचणीत तो १० सेकंदांच्या आत पाण्यात बुडावा लागतो. घरी वाटीभर पाण्यात बोळा टाकून हे बघता येतं. असा मेण काढलेला शोषक कापूस जखमांवर बांधायची पद्धत रुजवणाऱ्यांत बर्मिंगहॅमचे शल्यचिकित्सक जोसेफ सॅम्पसन गॅमजी यांचं नाव येतं. १८८० च्या सुमारास त्यांनी कापडाच्या दोन पदरांत शोषक कापूस घालून पट्टी केली, तिला अजून गॅमजीच म्हणतात.

औषधी कापसात दोष एकच. त्याचे धागे सगळ्या दिशांना पसरलेले असतात. पट्टी कापली की तिच्यात गाठी आणि पोकळ जागा राहतात. दोन्ही हातांनी हलकेच ताणून, पिंजून धागे एका दिशेला आणले की हा दोष बराच कमी होतो.

गावाहून येताना आईने वातींसाठी कापूस दिलाय. तो वापरू का?

तो समईलाच राहू द्या. कच्च्या कापसाच्या धाग्यावर नैसर्गिक मेणाचा पातळ थर असतो, वजनाच्या जेमतेम अर्धा ते एक टक्का. पण तेवढ्यानेही धागा पाण्याला दाद देत नाही. वाटीत टाकला तर तो पाण्यावर तरंगतच राहतो. समईत यामुळे काही अडत नाही, उलट चांगलंच होतं, कारण तेलाचं आणि मेणाचं जमतं. तिळाचं तेल त्या धाग्यातून छान चढतं. पीजी आणि ग्लिसरीन मात्र पाण्याच्या गोतावळ्यातले, त्यांना मेण अडवतं. म्हणजे जो कापूस देवापुढे तासन्‌तास जळतो तोच कॉइलमध्ये तिसऱ्या-चौथ्या झुरक्याला कोरडा पडतो. शिवाय घरी पिंजलेल्या कापसात सरकीची टरफलं आणि पानांचा चुरा असतो. तो तापला की आधी त्याचीच चव लागते.

उकळून मेण काढता येईल ना?

येईल. गिरणीत हेच काम कॉस्टिक सोड्याने होतं. घरी धुण्याचा सोडा घालून अर्धा-पाऊण तास उकळावा, मग पाण्याचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत धुवावा आणि पूर्ण वाळवावा. पण दोन पौंडांत औषधी कापूस मिळत असताना हा खटाटोप कशासाठी, हे मला कळलेलं नाही. औषधी किंवा व्हेपसाठी म्हणून विकलेला कापूस पुन्हा उकळायचीही गरज नसते. जुन्या व्हेपरांची ती सवय ब्लीच न केलेल्या कापसाच्या दिवसांतली आहे.

जपानी पॅड, लेस आणि ‘कॉटन बेकन’ यांत फरक काय?

आकार आणि धाग्याची दिशा, मुख्यतः एवढंच.

जपानी पॅड म्हणजे चौकोनी थरांचा कापूस. मुजी या जपानी कंपनीचे ब्लीच न केलेले पॅड एके काळी व्हेपरांनी इतके उचलले की बऱ्याच जणांना ते चेहऱ्यासाठी असतात हेच माहीत नव्हतं. वरची आणि खालची घट्ट साल सोलून टाकायची आणि आतल्या मऊ थराची पट्टी कापायची. धागे कुठल्या दिशेने आहेत ते कापण्याआधी पाहून घ्या: एकदा उभं ताणा, एकदा आडवं. ज्या दिशेने पॅड सहज फाटत नाही, त्या दिशेने धागे आहेत. पट्टी त्याच दिशेने कापायची. आडवी कापली तर वात भरतानाच तुटेल.

कॉटन बेकन आणि तसल्या पाकिटांत आधीच विंचरलेल्या, एका दिशेच्या पट्ट्या मिळतात. सूतकताईचा पेळू ज्यांनी पाहिलाय त्यांना हा प्रकार लगेच ओळखू येईल. लेस म्हणजे ठरलेल्या जाडीची कापसाची दोरी, टोकाला बुटाच्या लेसला असतं तसं कडक प्लॅस्टिक. टोक कॉइलमधून घातलं, ओढलं, कापलं, झालं. नवशिक्याला मी लेसच सांगेन, कारण किती कापूस घ्यायचा हा प्रश्नच उरत नाही. फक्त २.५ मिलिमीटरच्या कॉइलला ३ मिलिमीटरची लेस घेऊ नका. लेस हळूहळू महाग पडते हे खरं, पण तोवर हात बसलेला असतो.

पाकिटावरच्या ‘ऑरगॅनिक’ला मी फार भाव देत नाही. शेतात काय फवारलं याबद्दल तो शब्द काही सांगतो, वात कशी ओढेल याबद्दल काहीच नाही.

रेयॉनचं खूप ऐकलंय. घ्यावं का?

रेयॉन म्हणजे लाकडाच्या लगद्यातलं सेल्युलोज रसायनात विरघळवून पुन्हा धाग्यात ओढलेलं. ही व्हिस्कोस पद्धत १८९२ मध्ये इंग्लंडमध्येच क्रॉस, बेव्हन आणि बीडल यांनी शोधली. कल्याणच्या पुढे शहाडला ज्याच्या नावाचा कारखाना आहे तेच हे रेयॉन. अमेरिकेत पार्लरमध्ये केस कुरळे करताना रसायन चेहऱ्यावर ओघळू नये म्हणून कपाळाभोवती रेयॉनची वळी लावतात. ती वळी कोणीतरी कॉइलमध्ये घालून पाहिली आणि प्रकार पसरला.

ओढण्यात रेयॉन कापसाच्या पुढे आहे, विशेषतः घट्ट लिक्विडला. सुरुवातीच्या झुरक्यांना येणारी कापसाची कोरडी चवही यात जवळजवळ नसते. पण कापसाची सवय इथे उपयोगाची नाही. कापूस भिजल्यावर फुगून जागा भरतो म्हणून सैल ठेवायचा. रेयॉन तसं भरून येत नाही, म्हणून आधीच जरा जास्त घट्ट घालावं लागतं. दुसरं म्हणजे, भिजल्यावर कापूस आणखी चिवट होतो आणि रेयॉन निम्म्याच्या आसपास ताकद गमावतं. ओली वात चिमट्याने ओढून नीट करायला गेलात तर ती तुटून अर्धी कॉइलमध्येच राहते. जे काय कापायचं, सारखं करायचं, ते कोरडं असतानाच.

सिलिका, सिरॅमिक, स्टीलची जाळी?

२०१०-१२ च्या सुमाराला सिलिकाची दोरी हीच वात असायची. करपत नाही, हा तिचा मोठा गुण. पण कापलेल्या टोकांना काचेसारखे बारीक ठिसूळ तंतू सुटतात आणि ते छातीत ओढायचा प्रश्नच येऊ नये. सिरॅमिक धाग्याचंही तेच. भट्टीच्या अस्तरात वापरतात त्या सिरॅमिक तंतूंना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने संभाव्य कर्करोगकारकांच्या यादीत ठेवलंय. व्हेपसाठी विकलेला धागा नेमका त्याच जातीचा असेल असं नाही, पण कापूस इतका स्वस्त असताना मी तिकडे वळणार नाही.

स्टीलची जाळी गुंडाळून केलेली वात ही जेनेसिस टँकवाल्यांची (ज्यात लिक्विड खाली आणि कॉइल वर असते) हौस. जाळी आधी ज्योतीवर तापवून तिच्यावर ऑक्साइडचा थर चढवावा लागतो. तो थर नीट बसला नाही तर तार जाळीला टेकून शॉर्ट होते. नाद म्हणून ठीक आहे, रोजच्या वापराला नाही.

कॉइलमध्ये कापूस किती भरायचा?

याला मिलिमीटरमध्ये उत्तर नाही. हाताला कळणारं आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

३ मिलिमीटर आतल्या व्यासाची कॉइल डेकवर, म्हणजे ती जिथे स्क्रूने बसते त्या बैठकीवर, बसवलेली आहे असं धरा. पट्टीचं एक टोक बोटांत पीळ देऊन अणकुचीदार करा. पीळ फक्त टोकाला. सगळी पट्टी पिळलीत तर मधले रस्ते बंद होतात आणि लिक्विड पोचत नाही. टोक कॉइलमधून पलीकडे काढा आणि डेक एका हाताने धरून पट्टी दुसऱ्या हाताने हळूहळू ओढा. तीनपैकी एक गोष्ट होईल.

पट्टी सळसळत निघून आली, कॉइलला कळलंही नाही: कापूस कमी आहे. तारेच्या आत पोकळी राहील, तिथे तार कोरडी तापेल आणि लिक्विड बाहेर उडून जिभेला चटका बसेल.

कॉइल पट्टीबरोबर सरकली, पाय वाकले, वेटोळी तिरकी झाली: कापूस जास्त आहे. ओढून दामटू नका. पट्टी काढा, कडेने थोडे धागे उपसून टाका, पुन्हा घाला.

पट्टी अडत अडत आली, पण कॉइल जागची हलली नाही: हेच हवं. आता पट्टी मागे-पुढे दोनदा हलवा. दोन्ही बाजूंना सारखाच अडथळा लागला पाहिजे. एका बाजूला मोकळं आणि दुसऱ्या बाजूला घट्ट लागलं तर पट्टीची जाडी सारखी नाही, आणि पातळ भाग नेमका कॉइलच्या मध्यावर येऊन बसायची शक्यता फार.

शंका असेल तेव्हा कमीकडे झुका. नवशिक्यांच्या कोरड्या वातींमागे कमी कापूस क्वचितच असतो. भीतीपोटी ठासलेला असतो. कापूस जास्त म्हणजे लिक्विड जास्त, हा समज डोक्यातून काढून टाका. लिक्विड धाग्यांच्या मधल्या फटींतून चालतं, आणि ठासून भरलं की फटीच उरत नाहीत.

दोन्ही बाजूंच्या शेपट्या किती लांब ठेवायच्या?

ड्रिपरमध्ये, म्हणजे वरून थेंब टाकून वापरायच्या आरडीएमध्ये, शेपट्या तळाशी टेकून थोड्या पसरतील एवढ्या. तिथे कापूसच लिक्विडची टाकी असतो, त्यामुळे जरा जास्त झालं तरी बिघडत नाही. फार लांब मात्र नको. वातीत लिक्विड जितकं दूर जाईल तितका त्याचा वेग पडतो: दुप्पट अंतराला दुप्पट नाही, चौपट वेळ लागतो.

टँकच्या डेकवर, म्हणजे आरटीएमध्ये, काम नाजूक आहे. इथे शेपटीला दोन कामं असतात, लिक्विड आत घेणं आणि ते भसकन आत येऊ न देणं. कॉइलच्या बाहेर ५-६ मिलिमीटर ठेवून शेपटी कापा आणि टोकाकडचे धागे चिमट्याने किंवा बारीक कंगव्याने विंचरून जवळजवळ अर्धे काढून टाका. कॉइलजवळ भरगच्च आणि टोकाला विरळ असा उतार हवा. मग टोक लिक्विडच्या खाचेवर अलगद ठेवा. खाच झाकली गेली पाहिजे, बुजली नाही पाहिजे. खाचेत कापूस खुपसला तर करपणार, खाच उघडी राहिली तर गळणार. प्रत्येक टँकची खाच वेगळी असते, त्यामुळे नवा टँक घेतला की पहिल्या दोन-तीन वाती वाया जातात असं धरूनच चाला.

मेश डेकलाही हेच लागू?

नाही. जाळीची पट्टी कापसाला वरून कवटाळते, त्यामुळे कापूस खालून सगळीकडे सारखा टेकलेला हवा. जिथे फट, तिथे जाळी आधी लाल होते. इथे कापूस गोल कॉइलपेक्षा भरगच्च लागतो. पहिल्यांदा कमी वॅटवर बटण टिचकी मारल्यासारखं दाबून जाळी सगळीकडे एकदम तापते का ते पाहा.

नवी वात पहिल्यांदा भिजवायची कशी?

थेंब थेंब, कॉइलवर आणि दोन्ही शेपट्यांवर, कापूस पांढरा दिसायचा थांबून काचेसारखा दिसेपर्यंत. मग १५ वॅटच्या आत दोन-तीनदा क्षणभर बटण दाबा. वाफ निघते आणि मध्यावर पुन्हा लिक्विड ओढलं जातं. पुन्हा थेंब. टँक असेल तर भरल्यावर पाच-दहा मिनिटं तसाच ठेवून द्या. या दहा मिनिटांचा धीर नसल्याने जितक्या वाती पहिल्याच झुरक्यात मेल्यात, तितक्या दुसऱ्या कशाने मेल्या नसतील.

घशात करपट झटका बसला. वात परत वापरू का?

नाही. करपलेला कापूस पुन्हा भिजवला तरी तीच चव देत राहतो, आणि त्या काळ्या भागातून लिक्विड नीट चालतही नाही. काढा आणि नवी घाला.

झटक्याकडे नुसती वाईट चव म्हणून बघू नका. कोरडी तार तापली की ग्लिसरीन आणि पीजी तुटून फॉर्मल्डिहाइड, ॲसिटाल्डिहाइड, ॲक्रोलिन ही ॲल्डिहाइड द्रव्यं तयार होतात. २०१५ च्या जानेवारीत न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक पत्र आलं होतं. त्यात ५ व्होल्टला फॉर्मल्डिहाइड देणारे पदार्थ सापडले, ३.३ व्होल्टला सापडले नाहीत. त्यावर खूप वाद झाला. त्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांनी दाखवलं की ॲल्डिहाइडं उसळतात ती कोरड्या झुरक्याच्या अवस्थेत, आणि तसा झुरका व्हेपर चवीवरूनच ओळखून टाळतो. दोन्ही वाचून मी घेतलेला अर्थ साधा आहे. ती चव म्हणजे इशारा आहे, ती गोड फ्लेवरने झाकू नका आणि ‘अजून एक ओढून बघू’ करू नका.

कारण शोधताना या क्रमाने जा: टँकमध्ये लिक्विड आहे का, लागोपाठ झुरके मारताय का, वॅट जास्त आहेत का, आणि मग वात उघडून कापूस जास्त झालाय का. हवेची वाट किंवा लिक्विड आत सोडणारी खाच बंद राहिल्याने झटका बसलेले महाभागही असतात, म्हणून ते आधी पाहिलं तरी हरकत नाही.

टँक गुरगुरतो आणि खालून गळतो.

आता उलटं झालंय, वात पुरेशी अडवत नाही. शेपट्या विरळ किंवा आखूड आहेत, किंवा टोक खाचेवरून सरकलंय. कधी कधी वातीचा दोषही नसतो: भरताना हवेची वाट उघडी राहिली, किंवा झाकणाची रबरी चकती बसली नाही. टँकच्या वर जी हवेची पोकळी असते तिच्यातला कमी दाब लिक्विडला धरून ठेवतो. वरून हवा शिरली की ते सगळं खाली उतरतं. चकती तपासायला अर्धं मिनिट लागतं, त्यामुळे वात उपसण्याआधी ती तपासा.

७०-३० लिक्विडला (७० टक्के व्हीजी, ३० टक्के पीजी) वेगळी वात लागते का?

वात तीच, कापूस थोडा कमी. २० अंशांना ग्लिसरीन पाण्यापेक्षा सुमारे १४०० पट घट्ट असतं, पीजी ५०-६० पट. व्हीजी वाढलं की लिक्विड रेंगाळतं, त्याला रुंद रस्ता हवा. इथल्या जानेवारीत तर रात्रभर गाडीत राहिलेला टँक सकाळी पहिल्याच झुरक्याला करपवतो. खिशात दहा मिनिटं गरम होऊ द्या. छोट्या कॉइलवर, १२-१५ वॅटला, सिगारेटसारखं तोंडात ओढून मग छातीत घेणाऱ्यांनी ५०-५० घ्यावं. तिथे ७०-३० चा हट्ट कशासाठी?

वात किती दिवसांनी बदलायची?

हे लिक्विड ठरवतं. साधं, बिनरंगी, कमी गोड लिक्विड असेल तर वात आठवडाभरही चालते. सुक्रालोज हे गोडी आणणारं द्रव्य घातलेली डोनट-कस्टर्डवाली लिक्विडं एका दिवसात तारेवर काळी साय चढवतात. चव बोथट झाली, कापूस तपकिरी पडला, झुरक्यात जळक्या साखरेचा वास आला, की बदला. दिवस मोजत बसू नका. स्वतःची कॉइल बांधण्याची सगळी मजाच यात आहे की नव्या वातीला दोन पैसे लागतात.

वात बदलताना तार साफ करायची कशी?

कापूस पूर्ण काढून, कमी वॅटवर थोडा थोडा वेळ बटण दाबून. तार मंद नारिंगी होईल एवढंच, पांढरीफटक नको. पूर्ण थंड झाल्यावर पाण्याखाली धरून मऊ ब्रशने घासा आणि वाळवा. कॉइल गरम असताना पाण्यात घातलीत तर धक्क्याने साय निघते खरी, पण तारेचंही आयुष्य घटतं.

हे कँथल, निक्रोम आणि एसएस ३१६ एल (स्टेनलेस स्टील) या तारांनाच लागू आहे. शुद्ध निकेल आणि टायटॅनियम कधीही लाल करू नका. टायटॅनियमवर डायऑक्साइडची पांढरी पूड धरते. निकेलची ॲलर्जी असणाऱ्यांनी निक्रोम टाळावं. निक्रोम ८० मध्ये ८० टक्के निकेलच असतं.

टेम्परेचर कंट्रोल लावला तर करपायची चिंता संपली का?

मॉडवरचा, म्हणजे बॅटरीच्या डबीवरचा, तापमानाचा आकडा खरा असेल तर. तो पडताळायला सोपी चाचणी आहे: एसएसची कॉइल, त्यात कोरडा कापूस, तापमान २१० अंशांच्या आसपास, आणि क्षणभर बटण. काढून पाहा. कापूस पांढरा राहिला तर मॉड खरं सांगतंय. तपकिरी पडला तर आकडा खाली आणा किंवा कॉइल थंड असताना तिचे ओहम (तारेचा विद्युतरोध) मॉडवर पुन्हा लॉक करा. हा कापूस अर्थातच फेकायचा.

लिक्विडमध्ये वेलची किंवा पुदिन्याचं तेल घालून वात सुगंधी करता येईल?

अजिबात नाही. कुठलंही तेल छातीत जाता कामा नये. वात काही गाळणी नाही, तिच्यात चढलेलं सगळं वाफेबरोबर आत जातं. अमेरिकेत २०१९ मध्ये फुफ्फुसं निकामी होण्याची लाट आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात गेले किंवा दगावले, त्यातले ६८ मृत्यू नोंदले गेले. मुख्य संशयित ठरलं ते गांज्याच्या काळ्या बाजारातल्या कार्ट्रिजमध्ये मिसळलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट, म्हणजे एक तेलकट पदार्थच. फ्लेवर हवा तर पीजीत विरघळणारा, ओढण्यासाठीच बनवलेला घ्या.

सुट्टीला भारतात जाताना टँक, तार, कापूस घेऊन जाऊ का?

कापूस न्या, बाकी सगळं इथेच ठेवा. भारतात सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने आणि मग त्याच वर्षीच्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, साठा आणि जाहिरात बंद आहे. कायद्याच्या शब्दांत पूर्ण वस्तूबरोबर तिचा कुठलाही भागही येतो, म्हणजे सुटा टँकसुद्धा. आयातीसारख्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर तीन वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. ‘मित्राने आणलं, काही झालं नाही’ हा पुरावा विमानतळावर चालत नाही. सिंगापूरमार्गे जात असाल तर तिथे फेब्रुवारी २०१८ पासून व्हेप जवळ बाळगणंही गुन्हा आहे. प्रवासापुरते निकोटिनचे पॅच किंवा च्युइंगम बरे.

वापरलेली वात कुठे टाकायची?

कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात. ओल्या वातीत निकोटिन असतं. ब्रिटनमध्ये लिक्विडला मर्यादा मिलिलिटरला २० मिलिग्रॅमची आहे, तरी रांगत्या मुलाला किंवा कुत्र्याला तेवढंही बाधू शकतं, आणि फळांच्या वासाचा बोळा दोघेही तोंडात घालतात. सिंकवर किंवा टेबलाच्या कडेला ठेवू नका. नवा कापूस मात्र बंद पिशवीत, स्वयंपाकघरापासून लांब. तो फोडणीचा वास धरतो आणि मग लिंबाच्या लिक्विडला हिंगाची चव येते.